शिंगाला बूड नसतं

लेशेकने बोग्नाच्या हातावरचा चिलखताचा लोखंडी पंजा हळूच सोडवला, तर आत करंगळी भलतीकडेच वळलेली. तलवार बोथट असली तरी घाव जोरात बसला होता, आणि घालणारा तोच होता.

"दुखतंय का गं?"

"नाही, गुदगुल्या होतायत. मामा, जरा लांब हो ना."

तिने तोंड फिरवलं. कळवळून फिरवलं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

किल्ल्याखालच्या त्या कुरणात दर उन्हाळ्यात जुनी लढाई पुन्हा लढली जायची. पोलंडच्या कानाकोपऱ्यातून माणसं चिलखतं घेऊन यायची. लेशेक त्यांच्या टोळीचा म्होरक्या. मैदानात उतरण्यापूर्वी रांगेतल्या प्रत्येकाला तोच विचारायचा, "घेतली आहेस?" घेतलेल्याने त्या दिवशी तलवारीला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी एका बिअरपायी त्याने ओल्गेर्दला चारचौघांत रांगेबाहेर काढलं होतं. विचारणाऱ्याला मात्र कोणी विचारत नसे. आज दुपारी तंबूत त्याने चामडी बुधल्यातून मधाची दारू घशाखाली उतरवली होती, हात कापू नयेत म्हणून. हल्ली ते कापायचे.

संध्याकाळी बहिणीची ही पोर दवाखान्यातून बोटाला प्लास्टर घालून परतली. शेकोटीवर बिगोसचं, कोबी-मांसाच्या रश्श्याचं, पातेलं चढलं होतं. रीत अशी, की जखमीने पिण्याचं शिंग मधाच्या दारूने भरायचं, मारणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि त्याने ते सर्वांदेखत रिकामं करायचं. शिंगाला बूड नसतं. संपल्याशिवाय खाली ठेवता येत नाही.

लेशेकला मान वर करवेना. ती आता दारूचं सांगणार. सांगावंच तिने, असं वाटत होतं आणि सांगू नये म्हणून जीवही टांगणीला लागला होता. या वयात पोरांसमोर अशी लाज.

"बोल बाई, कोणाचा हा पराक्रम?" ओल्गेर्दने विचारलं.

"मामाचा. घाव सरळ होता. माझीच ढाल खाली आली."

सगळ्यांनी ढाली बडवल्या. तिची ढाल खाली आली नव्हती.

ती दारूच्या पिंपामागे गेली आणि धड हातात भरलेलं शिंग घेऊन आली. लेशेकने ते तोंडाला लावलं.

पाणी होतं. नुसतं ओढ्याचं गार पाणी.

बोग्ना त्याच्याकडे एकटक बघत होती. तो मध्ये न थांबता पीत राहिला.

"कशी जमलीय यंदाची?" ओल्गेर्द म्हणाला. "मीच बनवलीय."

लेशेकने मिशी पुसली.

"कडक आहे," तो म्हणाला.

सगळे हसले. बोग्ना त्याच्या शेजारी टेकली, अगदी खांद्याला खांदा लावून.

"उद्या रांगेत तुला मी विचारणार आहे, मामा."

त्याने मान डोलावली आणि रिकामं शिंग गवतात आडवं ठेवलं.