साहेब आले त्या दिवशी मी नीट चालले

भंगाराच्या आवारात, फुटक्या पिंपांच्या रांगेशेजारी एक गंजका लोखंडी डबा उभा आहे ना, ती मी. मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. भंगारवाला माझ्यात मोडक्या खुर्च्या कोंबतो आणि त्याचं कुत्रं दुपारी माझ्यात येऊन झोपतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझ्या आयुष्यात एक दिवस असा आहे की तो आठवला की अजून मान वर होत नाही. तो सांगून टाकावा म्हणून बोलते आहे.

शहराच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांसाठी गृहमंडळाने अकरा-अकरा मजल्यांच्या सात इमारती बांधल्या. त्यातल्या तिसरीत मला बसवलं. उद्घाटनाला फीत कापली, भाषणं झाली, फोटो निघाले. पहिल्यांदा वर जाताना बायका एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या राहत आणि मुलं मात्र बाहेर पडायलाच तयार नसत. खर्च वाचवायचा म्हणून मी तळमजल्यानंतर पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबत असे. मधल्यांनी उरलेला जिना पायी चढायचा. लोकांनी तेही हसतमुखाने चालवून घेतलं. घरात नळ आला होता, दाराला कडी होती, खिडकीतून दूरवरचा रस्ता दिसत होता.

मला चालवायला एक बाई नेमल्या होत्या. सगळे त्यांना लिफ्टवाल्या मावशी म्हणत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या बटणं दाबत आणि कोणाच्या घरी काय चाललंय याची विचारपूस करत. त्यांचे यजमान गवंडीकाका. हीच इमारत बांधणाऱ्या गवंड्यांपैकी ते एक होते. आयुष्यभर विटा चढवून गुडघे गेले, म्हणून त्यांना दहाव्या मजल्यावरची, माझ्या दारासमोरची खोली मिळाली होती. रोज चार वाजता घडीची खुर्ची घेऊन ते माझ्यातून खाली उतरत. आवारात मित्रांबरोबर बसत आणि सातही इमारतींच्या गिलाव्याला नावं ठेवत. तो त्यांचा दिवसातला सगळ्यात मोठा आनंद होता, आणि तो माझ्यावर अवलंबून होता.

बारा वर्षं मी इमानाने राबले. त्यानंतर ब्रेक झिजला. चार माणसं असली तर ठीक, पण डबा भरला की मी मजल्याच्या वीतभर खाली जाऊन थांबायची. लोक ठेचकाळत. कधी दार मिटत नसे, कधी उघडत नसे. मंडळाला अर्ज गेले, त्यांची पोचही आली नाही. शेवटी ऐंशी घरांनी सह्या करून अर्ज धाडला, तेव्हा कुठे पत्र आलं: मंगळवारी अकरा वाजता तीन साहेब पाहणीला येतील.

मंगळवारी सकाळीच मावशी बादली आणि साबण घेऊन आल्या. त्यांनी माझ्या भिंती घासल्या, बटणं चकचकीत पुसली, तळमजल्यावरच्या शिंपीकाकांकडून मशीनचं तेल आणून दाराच्या खाचेत घातलं. वाकड्या दारामागे पुठ्ठ्याची घडी सारली, म्हणजे ते नीट मिटावं. शिवाय, साहेब येतील तेव्हा गर्दी नको म्हणून तासभर सगळ्यांनी जिन्याने जा, असं घरोघर सांगून आल्या. गवंडीकाका दारात भिंतीला धरून हे सगळं बघत होते.

"अगं, जे दाखवायला बोलावलंय तेच झाकतेस होय?" ते म्हणाले.

"मग काय घाणीत नेऊ त्यांना? म्हणतील, या लोकांना घर दिलं आणि यांनी त्याचा उकिरडा केला," मावशी म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.

साहेब आले. तिघेही किडकिडीत, सगळ्यांत जड त्यांची फाईल. मी दहाव्या मजल्यापर्यंत गेले आणि खाली आले. एका मजल्यावर केसभरही चुकले नाही. यंत्राने मुद्दाम काही केलं असं म्हणता येणार नाही, हे मला कळतं. पण त्या तिघांच्या तोंडावरचं कौतुक बघून मी हुरळून गेले होते, हे खोटं नाही. किती वर्षांनी कोणीतरी मला छान म्हणत होतं.

"उत्तम चाललीय की," मोठे साहेब म्हणाले. "मग या एवढ्या सह्या कशाला?"

मावशींना तेव्हाच सांगता आलं असतं. बारा माणसं आत घ्या आणि मग बघा, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्या म्हणून गेल्या, "आम्ही काळजी घेतो साहेब."

महिन्याने पत्र आलं: लिफ्ट सुस्थितीत, दुरुस्तीची गरज नाही. मावशींनी ते वाचलं आणि घडी करून पोलक्यात खोचलं.

पुढच्या हिवाळ्यात, संध्याकाळी कामावरून लोक परतत असताना मी भरलेली होते. सातव्याच्या वर माझा ब्रेक सुटला. मी सरकले आणि सातव्या मजल्याच्या गुडघाभर खाली अडकले. अकरा माणसं दोन तास आत कोंडली गेली. नवव्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा हात मोडला. मंडळाने लिहिलं की पाहणीत लिफ्ट उत्तम होती, अर्थात बिघाड रहिवाशांच्या निष्काळजीपणामुळे झाला. मी सातव्यावरच राहिले आणि माझ्या दाराला साखळी लागली ती कायमची.

मग वरची बिऱ्हाडं एकेक करून निघाली. अकरा मजले रोज किराणा चढवून कोणाच्याही नाकी नऊ येतील. रिकाम्या घरांचे नळ चोरीला गेले, काचा फुटल्या. बाकीच्या इमारतींचंही तेच झालं. वर्तमानपत्रात फोटो आले आणि खाली छापलं, या लोकांना उंच घरात राहायची अक्कल नाही. सातही इमारती सुरुंग लावून पाडायचं ठरलं. गवंडीकाका मात्र चार वर्षं खाली उतरलेच नव्हते. चार वाजले की खिडकीत खुर्ची लावून बसत.

शेवटच्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. सातव्या मजल्यावर दम खायला त्यांना माझ्या दारासमोर टेकवलं. शिक्षिकाबाई त्यांची उशी धरून होत्या, आखडलेल्या हाताने. तेवढ्यात मंडळाचा कारकून यादी घेऊन रिकाम्या दारांवर खडूने फुल्या मारत वर आला. मावशी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही लिफ्ट पाहणीच्या आधीच बिघडली होती. मी झाकलं. लिहून घ्या," त्या म्हणाल्या.

कारकुनाने यादी वरखाली पाहिली. असं लिहायला यात जागा नाही, तो म्हणाला, आणि पुढच्या दाराकडे गेला. मावशी तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या.

"त्या दिवशी आम्ही सगळेच गुपचूप जिन्याने चढलो होतो, मावशी," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "कोणीच बोललं नाही. मीसुद्धा."

गवंडीकाकांनी बायकोचा हात हातात घेतला. मग चौघांनी खुर्ची उचलली आणि ते खाली गेले. मला स्फोटाच्या आदल्या दिवशी कापून काढलं, म्हणून मी उरले.

मित्रांनो, त्या सात इमारतींबद्दल तुम्ही कुठे ना कुठे वाचाल, आणि त्यात राहणाऱ्यांनीच त्यांची वाट लावली असं तिथे लिहिलेलं असेल. ते खरं मानू नका. त्या लोकांनी मला साबणाने घासलं होतं. आणि तुमच्या घरी, शाळेत कधी कोणी तपासायला आलं, तर त्यांना आधी मोडलेल्या वस्तूपाशी न्या. ती नेमकी तेव्हाच नीट चालू लागली, तर तिचं काही ऐकू नका. ती माझ्यासारखीच कौतुकाची भुकेली असते.