हाय आणि न्हाय यांच्यामधला दोर

मित्रांनो, मी दोर. आता जुना झालोय. आलो तेव्हा गडद जांभळा होतो, सध्या उन्हानं विटलेल्या वांग्यासारखा दिसतो. माझ्यावर ओल्या चादरी वाळत घालतात. त्याची तक्रार नाही. पण मला कासरा समजू नका. मी कडे चढायचा दोर आहे. माझ्यावर माणसं लटकलेली आहेत.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. आत बारीक पांढऱ्या धाग्यांचा गाभा भरला, वरून विणलेली खोळ चढवली. माझी खासियत एकच. ताण बसला की मी थोडा लांबतो. माणूस पडला तर झटका मी घेतो, त्याच्या कंबरेला कमी लागतो. साध्या दोराला हे जमत नाही.

कोल्हापुरात मला कुरिअरनं मागवलं ते क्रांती आणि ऋतुराज या बहीणभावानं. क्रांती मोठी, जयसिंगपूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका. ऋतुराज गाड्यांच्या गॅरेजात. तो तिला आक्का म्हणतो, ती त्याला रुत्या. मी घरात आलो त्या दिवशी त्यांच्या आईनं मला हातात तोलून बघितलं.

"एवढा जाड? म्हस बांधायची हाय काय?"

"न्हाय, आक्काला बांधायचीय," ऋतुराज म्हणाला.

भाषा मी त्या घरातच शिकलो. हाय, न्हाय, व्हय. क्रांती 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलते, इथल्या बऱ्याच बायका बोलतात तसं. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण दुसरं काही मी ऐकलंच नव्हतं.

रविवारी गगनबावड्याकडच्या एका कातळावर सराव चालायचा. कातळ बुटका. एकजण चढायचा, दुसरा खाली उभा राहून मला कमरेच्या छोट्या यंत्रातून धरायचा. चढणारा पडला की ते यंत्र मला आवळतं. दोघं एकमेकांना दिसायचे. एक लटकलेला असताना आमटीत मीठ जास्त कुणी घातलं यावरून भांडायचे. घरी आल्यावर ऋतुराज मला ओल्या फडक्यानं पुसायचा. माझ्यावर कुणाचा पाय पडला तर खवळायचा. त्याचं बरोबर होतं. चपलेखालची खडी माझ्या खोळीत शिरते आणि गाभा आतनं कापत राहते. बाहेरनं काहीच दिसत नाही.

मग आम्ही थायलंडला गेलो. समुद्रातनं सरळ वर गेलेले चुनखडीचे कडे, आणि चढायला शिकवणारा तावान नावाचा वाटाड्या. हे कडे माझ्यापेक्षा उंच. एका दमात होत नाहीत, टप्प्याटप्प्यानं चढावे लागतात. पुढचा माणूस चढतो, वाटेत खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांमधनं मला ओवत जातो. टप्पा संपला की स्वतःला तिथं बांधतो आणि खाली ओरडून सांगतो. ते ऐकलं की मगच खालच्यानं मला यंत्रातनं काढायचं. त्याआधी नाही. सगळं एवढ्यावर असतं.

तावान हाका इंग्रजीत शिकवायचा. सुरुवातीला दोघं इंग्रजीत ओरडले. पण माणसाला घाई झाली की तो घरच्या भाषेत येतो.

शेवटच्या दिवशी तावाननं क्रांतीला पुढं सोडलं. तो आपला वेगळा दोर लावून तिच्या बाजूनं वर गेला, तिचे हात बघायला. ऋतुराज खालच्या टप्प्यावर एकटा. मधे कड्याला मोठा फुगवटा होता. त्यावरनं ती पलीकडं गेली आणि दिसेनाशी झाली. आता दोघांच्या मधे फक्त मी.

बराच वेळ मी हललो नाही. ऋतुराजचे पाय अवघडले.

"आक्का, सेफ हाय का?"

"न्हाय," ती वरनं म्हणाली.

वारा समुद्राकडनं येत होता. त्यानं पुढचा 'न' नेला. खाली पोचलं फक्त 'हाय'.

ऋतुराजनं मला यंत्रातनं काढलं.

मी दोघांच्याही कमरेला बांधलेला होतो, पण आता मला धरणारं कुणी नव्हतं. ती पडली असती तर माझी सगळी लांबी संपेपर्यंत पडत राहिली असती, आणि मधे खडक होता. मला हे कळत होतं. दोराला तोंड नसतं.

क्रांतीनं मला हातभर वर ओढलं, पुढच्या कडीत ओवायला. ऋतुराजनं ते बघितलं. मग मी थांबलो. तो माझ्याकडं बघत राहिला. बांधून घेतलेला माणूस उरलेला दोर सलग ओढून घेतो, हातभर ओढून थांबत नाही.

"आयला," एवढंच तो म्हणाला. त्यानं मला परत यंत्रात घातलं. यंत्राची कडी एकदा चुकली, दुसऱ्यांदा लागली. त्यानं मला घट्ट धरलं आणि तेवढ्यात वर तिचा पाय सुटला.

मी लांबलो. फुगवट्याच्या काठावर माझी खोळ फाटली, गाभा टिकला. ती लटकली, शिवी दिली आणि परत चढली.

वरच्या टप्प्यावर तिघं भेटल्यावर तिनं केळं सोललं. ऋतुराज खाली बघून म्हणाला, "आक्का, तू पडायच्या आधी मी दोर सोडलाता."

"कवा?"

"तू हाय म्हणालीस तवा."

"मी न्हाय म्हणालो."

"मला हाय आयकू आलं."

ती चावायची थांबली. तावाननं विचारलं, काय झालं. त्यानं ते दोन शब्द दोघांकडनं वदवून घेतले, मान हलवली आणि म्हणाला, हा तर एकच शब्द आहे.

"मग तांबडा आणि पांढरा म्हणूया," ऋतुराज म्हणाला. "तांबडा म्हंजे थांब, पांढरा म्हंजे सोड."

"वाऱ्यात दोन्ही सारखंच की रे. रश्शातनं भाईर ये जरा."

तावाननं मला हातात घेतलं. जोरात तीन हिसके दिले. त्यानं सांगितलं, तीन म्हणजे वरच्यानं स्वतःला बांधलंय, सोड. त्याहून कमी म्हणजे धरून ठेव. मग माझी फाटकी जागा बोटांनी चाचपली आणि क्रांतीची गाठ त्या जागेच्या पलीकडं, धडधाकट भागावर बांधली.

पुढचा टप्पा सोपा होता. तिथंही पुढं क्रांतीच जाणार होती. खाली मला तावानही धरू शकला असता. तिनं मला उचललं आणि ऋतुराजच्या हातात दिलं.

"धर."

ती गेली, दिसेनाशी झाली. या वेळी ऋतुराजनं हाकच मारली नाही. एक हिसका आला. तो थांबला. दुसरा आला. त्यानं मला धरूनच ठेवलं. तिसरा आल्यावर त्यानं मला सोडलं. मला तोंड नाही, पण त्या दिवशी मी बोललो.

फाटलेलं टोक नंतर कापलं. आखूड होऊन काही वर्षं गगनबावड्याला कामाला आलो. मग वय झालं. आता गॅलरीत आडवा बांधलाय, उरलेलं टोक खाली गल्लीत लोंबतंय.

मित्रांनो, दोरावर पाय देऊ नका. ओला ठेवू नका. आणि कुणाचा दोर तुमच्या हातात असेल तर एकदा ऐकून सोडू नका.

संध्याकाळी ऋतुराज गॅरेजातनं येतो, किल्ली विसरलेली असते. खालनं माझं टोक ओढतो. वर क्रांती चादरी काढत असते. पहिल्या दोन हिसक्यांना ती जागची हलत नाही.