चौदाव्या खुंटाजवळची केळ

केळ चालते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बुंध्याच्या एका अंगाला मुनवा फुटतो, आई घड देऊन आडवी होते, मुनवा आई होतो, त्याचा मुनवा आणखी वीतभर पुढे. माझ्या सासूने मसाका गावच्या घरी दाराशी लावलेली केळ आता गोठ्याच्या भिंतीला टेकली आहे. संशोधन केंद्रावर आल्यावर मी नेमकं हेच विसरले. ही लाजेची गोष्ट आधीच सांगून टाकते.

माझं काम केळींची लग्नं लावण्याचं. पहाटे शिडीवर चढायचं, रानकेळीचं नरफूल मादीफुलांवर घासायचं, वर पिशवी बांधायची, नंबराची चिठ्ठी अडकवायची. घड पिकला की गर चाळणीत कुस्करून बी शोधायचं. शंभर घड कुस्करावेत तेव्हा मूठभर बी. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं शिक्षण डॉक्टर तेओपिस्ता नाबावानुकांच्या टेबलावरची धूळ पुसता पुसता. मला जुळी आहेत म्हणून सगळे नालोंगो म्हणतात. डॉक्टरही तेच म्हणतात, पण अशा जरबेने, की मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी उभी राहते.

डॉक्टरांचा एक लेख जगभर गेला. चौदाव्या खुंटाजवळची केळ करप्याला दाद देत नाही आणि तो गुण तिच्या लेकींत उतरतो, असा. त्यावर तिसरं नाव माझं होतं. संपादकाने विचारलं होतं, या बाईंची पदवी कोणती? डॉक्टरांनी कळवलं, "सोळा हजार फुलं." नाव राहिलं. पुढे चारशे बारा लेखांनी त्या लेखाचा संदर्भ दिला. त्यांच्या बाकी सगळ्या लेखांचे संदर्भ गोळा केले तरी शंभर भरत नव्हते, कारण निम्मं त्यांनी शेतकऱ्यांच्या पत्रकात आमच्या लुगांडा भाषेत लिहिलेलं, आणि ते विद्यापीठात कोणी मोजत नाही. यंदा त्यांचं प्रोफेसरपद बैठकीत यायचं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ही खेप गेली की गेली.

आणि तेवढ्यात पहिल्या वर्षी गोठवून ठेवलेलं चौदाचं पान वंशतपासणीत तिच्या लेकींशी जुळेना. डॉक्टरांनी प्रयोगशाळेला तीनदा फैलावर घेतलं. तिसऱ्या वेळी मला राहवेना. कोयता घेऊन मी वाफ्यात गेले. खुंट जागच्या जागी, सिमेंटचा, वर ठसठशीत चौदा. शेजारची केळही झोकात. गुडघ्यांवर बसून मी माती खरवडली. कुजलेले जुने बुंधे एका रांगेत निघाले, आणि रांग येत होती पंधराव्या खुंटाकडून. पंधरा मेली, असं वहीत लिहिलेलं. ती मेली नव्हती, चालत चौदाच्या जागी येऊन बसली होती. खरी चौदा पाटाच्या कडेला सरकलेली, पानं करप्याने काळी. घरी ज्या बाईने डोळे मिटूनही केळ ओळखली असती, तिने इथे आठ वर्षं खुंट वाचून चिठ्ठ्या बांधल्या होत्या.

मी डॉक्टरांना नेऊन दाखवलं. त्या बुंध्यांच्या रांगेवरून पंधराव्या खुंटापर्यंत चालत गेल्या. मग म्हणाल्या, चल, लिहायला बसू. लेख चुकला आहे, गुण पंधराचा आहे, पहिल्या वर्षीच रोपवाटिकेत हलवलेल्या खऱ्या चौदाचे मुनवे ज्यांनी लेख वाचून नेले त्यांनी ते लावू नयेत, असं पत्र संध्याकाळच्या आत तयार झालं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख प्रोफेसर सेरुवागी स्वतः आले. पत्राची बातमी त्यांना कोणी दिली कोण जाणे. मी चहा ओतत होते. त्यांचं म्हणणं समजुतीचं होतं: शुक्रवारी बैठक आहे, पत्र शनिवारी धाडा, दोन दिवसांत केळी कुठे पळून जात नाहीत. पळत नाहीत, चालतात, असं जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. तेही नको असेल तर पत्रात एवढंच घाला, म्हणाले, की चूक अशिक्षित मजुराची होती. म्हणजे निदान तुमच्या नावाला डाग नाही.

मी किटली खाली ठेवली. "घाला, डॉक्टर. चिठ्ठ्या मीच बांधल्या. मला कुठे प्रोफेसर व्हायचंय."

"तू गप्प बस, नालोंगो. लेखावर तुझं नाव काय शोभेला घातलं होतं?" मग त्या प्रोफेसरांकडे वळल्या. "खुंट मी रोवायला लावले, सर. केळ चालते हे तुमच्या आजीला ठाऊक होतं, माझ्या आजीलाही. आपण दोघं शिकलो आणि खुंट बघायला लागलो."

"तेओपिस्ता, चारशे बारा पुन्हा मिळत नसतात."

"त्या चारशे बारांतल्या कितीकांनी माझी चूक आपल्या मातीत पेरली आहे. ती मोजून मी खुर्चीत बसू?"

प्रोफेसरांनी चहा संपवला. निघताना हळूच विचारलं, आईच्या बागेसाठी पंधराचा एखादा मुनवा मिळेल का. दिला. रोगट बागेला आम्ही नाही म्हणत नाही.

पत्र त्याच दिवशी लेख छापणाऱ्या संपादकाकडे गेलं. शुक्रवारी डॉक्टरांनी फायलीत सगळ्यात वर त्याचीच प्रत लावली. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाचा कागद आला: प्रकाशनांचा प्रभाव अपुरा. डॉक्टरांनी तो पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वाफ्याचा नवा नकाशा काढला, खुंटांशिवाय. आता नंबर केळीच्या अंगावर असतो, आणि मुनवा फुटला की आईची चिठ्ठी त्याच्याही गळ्यात.

पत्रावर पहिलं नाव माझं आहे. मी भांडले, ऐकलं नाही. त्याचा संदर्भ आजवर एकीनेच दिला आहे, मलावीतल्या एका संशोधक बाईने. चौदाच्या लेकी करपल्या तेव्हा तिने चार वर्षं आपल्याच मातीला दोष दिला होता, असं तिने लिहिलं. ते डॉक्टरांनी मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा सुरू करणार होत्या, पण ऊन चढायला लागलं होतं.

"शिडी उचल," म्हणाल्या. "फुलं मिटतील."

खुंट सगळे उपटले. चौदाचा तेवढा हलेना, म्हणून शिडी त्यालाच टेकवून ठेवतो.