चाळीस लाल बेचक्या

पहिलं खोकं मी उघडलं आणि ओरडलेच, "दादा, वाय लाल आहे!"

दादा हातातला रंधा टाकून धावत आला. आम्ही दोघांनी धडाधड सगळी खोकी उघडली. इंग्रजी अक्षरांचे चाळीस संच, चाळीस वाय, चाळीसही लालभडक. शाळेच्या बाईंनी ऑर्डर देताना स्वच्छ सांगितलं होतं की स्वर लाल आणि बाकीची अक्षरं निळी. त्या अकरा वाजता माल न्यायला येणार होत्या आणि घड्याळात साडेदहा झाले होते.

लाकडी खेळण्यांचा हा कारखाना आमच्या बाबांचा. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक करवत यंत्र आणि आम्ही तिघं. बाबांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही, पण कापायला दिलं तर डोळे मिटून अचूक कापतील. त्यांनी अक्षरांना स्वतःचीच नावं ठेवलीयत. ए म्हणजे तंबू, ई म्हणजे कंगवा, ओ म्हणजे कडं आणि वाय म्हणजे बेचकी. मीसुद्धा शाळेत जाईपर्यंत ओ ला कडंच म्हणायचे.

गेल्या महिन्यात बाबांनी एका मोटारीला तीनच चाकं लावून ती गिऱ्हाइकाला दिली होती. तेव्हा दादा भडकला. "आणखी एक चूक झाली ना बाबा, की तुम्ही घरी बसायचं. बस्स झालं आता." बाबा म्हणाले, "बसेन. शब्द दिला." आणि आमचे बाबा शब्दाचे असले पक्के की त्यांच्यावर राग येतो. कारखान्यातल्या या स्टुलाशिवाय हा माणूस घरी करणार काय? भिंतींकडे बघत बसेल. मला ते विचारातसुद्धा सहन होत नव्हतं.

"झालं," दादा म्हणाला. "स्वर पाच असतात. शेंबड्या पोराला विचार."

"आणि स्काय? फ्लाय? ड्राय?" माझा पारा चढला. "त्यात तुझ्या पाचांपैकी एक तरी दाखव! वायशिवाय तोंडातून आवाज निघेल का? वाय स्वरच आहे!"

"मग यलोमध्ये कोण आहे? तिथे काय गातोय का तो?"

"तू गप रे!"

बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसून आमची जुगलबंदी ऐकत होते. वायबद्दल त्यांना काहीच कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय हे नक्की कळत होतं.

बाई वेळेआधीच आल्या. त्यांना काही सांगायची वेळच आली नाही. त्यांनी उघड्या खोक्यातून थेट लाल वाय उचलला.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "हे कुणी केलं? वाय कधी स्वर असतो, कधी व्यंजन. पण मुलांना आम्ही पाचच शिकवून मोकळे होतो. वर्षानुवर्षं मी हेच सांगतेय आणि शाळेत कुणी मनावर घेत नाही!"

मी जागच्या जागी उडीच मारली. "आमच्या बाबांनी!" मी छाती फुगवून म्हणाले. "त्यांनीच केलं!"

"खरंच? काका, तुम्हाला कसं सुचलं हे?"

मी बाबांकडे डोळे वटारले. नुसतं हसा, मनात म्हटलं, नुसती मान डोलवा. दादासुद्धा श्वास रोखून उभा होता. पण बाबा उठले आणि हात पुसत म्हणाले, "बाई, मला नाही सुचलं. मला वाचता येत नाही. रंग वाळवायच्या फळ्या आहेत ना, त्यांवर एका संचाला निळे खिळे वीस आणि लाल खिळे सहा. माझ्या हिशेबी रिकामा खिळा म्हणजे राहिलेलं काम. पहिल्या संचात निळी फळी भरली तेव्हा हातात बेचकी उरली होती. लालकडे एक खिळा रिकामा दिसला, म्हणून लाल रंगवून तिथे लावली. मग चाळीसही तशाच केल्या. चूकच आहे."

त्यांनी ॲप्रनची गाठ सोडली, घडी घातली आणि ते टेबलावर ठेवलं. मला हंबरडा फोडावासा वाटला. काय गरज होती खरं बोलायची! दादाचा चेहरा मात्र लाल रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा झाला होता. फळ्यांवर खिळे त्यानेच ठोकले होते.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या वाय हातात उलटसुलट करत होत्या. "पालथा केला तरी वाय तो वायच," त्या उत्साहाने म्हणाल्या. "एक बाजू लाल राहू द्या आणि एक निळी करा. मुलांना हवी ती बाजू वर ठेवता येईल! बाकी सगळं नेते, हे चाळीस उद्या सकाळी द्या. पण रंग एकमेकांत मिसळलेला चालणार नाही हं." खोकी गाडीत चढवून त्या गेल्यासुद्धा.

दादा लगेच स्टुलावर बसला आणि त्याने ब्रश घेतला. पहिल्या वायला निळा ओघळ कडेवरून लाल बाजूवर गेला. दुसऱ्यालाही गेला. तिसऱ्याला तर त्याचा अंगठाच उमटला. बाबा दारात चपला घालत होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दादा उठला. "बाबा, बसा इथे. मला नाही जमत."

"शब्द दिलाय मी."

"चुकीसाठी दिला होतात ना? फळी मी ठोकली. पाच स्वर मला पाठ आणि खिळे ठोकले सहा. चूक माझी आहे." दादाने ब्रश बाबांपुढे धरला. "आणि खरं सांगतो, मी मघाशी सांगितलं नसतं. तुम्ही सांगितलंत."

बाबा दारातून मागे वळले. मग त्यांनी चपला काढल्या.

मी रडत होते आणि हसतही होते, मला लाज वाटली नाही. बाबांनी ब्रशची टोकं बोटांनी सारखी केली आणि पहिली निळी कड एका दमात ओढली. ओघळ नाही की डाग नाही. तोवर दादाने पुढची बेचकी पुसून त्यांच्यासमोर धरली होती.