राणीच्या नावाची चिनी अक्षरं

उंब्रजमध्ये उत्कर्षाने दवाखाना टाकला त्याला वर्ष होत आलं होतं, तरी लोक तिला अजून ‘चायनाच्या मॅडम’ म्हणत. ती चीनमध्ये एमबीबीएस करून आली होती. परत आल्यावर तिने इथली परीक्षा दिली, नापास झाली, पुन्हा दिली, पास झाली, मग इंटर्नशिपही पुन्हा केली. प्रत्येक टप्प्यावर कुणी ना कुणी तिची कागदपत्रं उलटसुलट करून बघितली, शिक्के उजेडात धरून बघितले. त्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. लोकांच्या जिवाशी गाठ आहे, तपासायलाच हवं, असं ती म्हणायची.

त्या चीनमुळेच वीरधवल सरांनी तिला पाहुणी म्हणून बोलावलं. हायवेच्या कडेला एका जुन्या गोडाऊनमध्ये त्यांची कुंग फूची अकादमी होती. आसपासच्या गावांतली पोरं-पोरी तिथे शिकत. उत्कर्षाची भाची संयोगिता त्यातलीच. बारावी झाल्यापासून तिला पोलीस भरतीचे वेध लागले होते, आणि खेळाडूंच्या कोट्यात सरांचं सर्टिफिकेट चालतं असं सगळे धरून चालले होते. पट्टे वाटायच्या कार्यक्रमाला उत्कर्षाचे वडील नानासो, घरातल्यांचे आबा, पहिल्या रांगेत बसले होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, नातीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

स्टेजच्या मागे काचेच्या फ्रेममध्ये एक लांब कागद लावला होता. वर काळ्या शाईतली चिनी अक्षरं, खाली लाल शिक्का, फ्रेमला झेंडूचा हार. प्रत्येक पोरगं आधी त्या फ्रेमला आणि मग सरांना वाकून नमस्कार करत होतं. सरांनी माइक घेऊन सांगितलं, की चीनमधल्या डोंगरातल्या एका मठात त्यांनी तपश्चर्या केली, आणि तिथल्या महागुरूंनी स्वतःच्या हाताने लिहून त्यांना हे दीक्षापत्र दिलं. त्यावर त्यांचं नाव आहे आणि त्यांची पदवी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उत्कर्षाने सहज मान वळवून वाचायला सुरुवात केली. मधली चार मोठी अक्षरं तिने लगेच ओळखली. ‘धरलेलं सोडू नये, टिकून राहावं,’ असा त्यांचा अर्थ. तिकडच्या शाळांच्या भिंतींवरही ती लिहिलेली असतात. बाजूची ओळ बारीक आणि घाईच्या, जोडून लिहिलेल्या वळणाची होती. तसलं वळण तिला अवघड नव्हतं. तिथल्या हॉस्पिटलमध्ये मोठे डॉक्टर केसपेपरवर असंच लिहायचे आणि ते वाचता आलं नाही तर सगळ्या वॉर्डासमोर बोलणी बसायची.

ती ओळ वरून खाली वाचत गेली. ‘यिन्-तू’, म्हणजे भारत. ही अक्षरं तिच्या स्वतःच्या ओळखपत्रावर होती. थोडं खाली ‘थोंग-श्युए’, विद्यार्थी. तिचे मास्तर तिला याच शब्दाने हाक मारायचे. आणि मध्ये दोन अक्षरं, ज्यांचा मिळून काही अर्थ होत नव्हता, नुसता उच्चार होत होता. ला. नी. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला बाईची खूण होती. मुलींच्या नावात येणारं अक्षर होतं ते.

परक्या नावातला ‘र’ चिनीत लिहिताना ‘ल’ होतो. ला-नी म्हणजे राणी.

तिने पट्टे वाटले, फोटो काढून घेतले. चहाच्या वेळी ती सरांजवळ गेली आणि हळूच विचारलं, “सर, ही राणी कोण?”

सरांनी कप बशीत ठेवला आणि आधी फ्रेमकडे बघितलं. पण माणूस तयारीचा होता. हसून म्हणाले, “ला-नी. म्हणजे वज्रमुष्टी. हे मठातलं जुनं चिनी आहे मॅडम, तुमच्या मेडिकल कॉलेजात ते शिकवत नाहीत.” आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

आपलं चुकत असेल, असंही तिच्या मनात आलं. एवढ्या लोकांसमोर एखाद्याला खोटं पाडायचं तर पायाखाली काहीतरी घट्ट पाहिजे. तिने मोबाइलवर काढलेला फ्रेमचा फोटो तिकडच्या आपल्या जुन्या मास्तरीणबाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी अक्षर न् अक्षर उलगडून दिलं होतं: भारताची विद्यार्थिनी राणी हिला आठवणीदाखल. साल दोन हजार सोळा. खाली लिउ नावाच्या प्रशिक्षकाची सही, आणि लाल शिक्का एका क्रीडाशाळेचा. मठबिठ कुठेच नव्हता.

घरी तिने नानासोंना सांगितलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन फोटो बघितला. मग म्हणाले, “सोड. पोरीचं सर्टिफिकेट त्याच्या हातात हाय. भरती होऊ दे, मग काय ते बघ.”

“आबा, फौजेत कुणी दुसऱ्याचं मेडल छातीला लावून फिरला असता तर तुमी काय केलं असतं?”

नानासो उठून गोठ्याकडे निघून गेले. उत्कर्षाला त्यांचा राग आला, आणि त्यांचाच एकट्याचा नाही. तिने एक-दोन पालकांना चाचपून बघितलं होतं. कुणालाही ते खरं आहे का खोटं याच्याशी घेणंदेणं नव्हतं. नमस्कार घालून घेणारा माणूस कोण आहे हे विचारायची गरजच कुणाला वाटत नव्हती. तिच्या एका डिग्रीसाठी तिला किती दारं पुजावी लागली होती, आणि इथे एक कागद भिंतीला टांगला की संपलं.

तिने मोबाइलवर जुन्या बातम्या धुंडाळल्या. दोन हजार सोळाच्याच सांगलीच्या एका बातमीत ती मुलगी सापडली. माण तालुक्यात दहिवडीजवळ राहणाऱ्या मेंढपाळाची मुलगी राणी बिराप्पा कोळेकर, वुशू या कुंग फूच्या खेळातली राज्य विजेती, चीनमधल्या प्रशिक्षण शिबिरासाठी निवड. फोटोत ट्रॅकसूट घातलेली काटक पोरगी होती आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून वीरधवल सर उभे होते, केस तेव्हा काळे.

रविवारी दवाखाना बंद ठेवून उत्कर्षा गाडी घेऊन निघाली. ऊस मागे पडला, पाट मागे पडले, पुढे नुसता माळ. दहिवडीच्या अलीकडे एका वस्तीवर विचारत विचारत ती पोहोचली. राणी शेळ्यांना पाला टाकत होती. नवरा मुंबईला टॅक्सीवर, ती माहेरीच बापाच्या वस्तीवर राहत होती. म्हातारे बिराप्पा बाजेवर बसले होते. उत्कर्षाने आपण कोण ते सांगितलं आणि मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

राणीने हात पदराला पुसून मोबाइल घेतला. बघत राहिली.

“हे पुरात गेलं, सर म्हणालं हुतं की,” ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सरांची अकादमी आधी सांगलीला होती. राणी तिथल्या कॉलेजात होती आणि त्यांच्याकडे शिकायची. शिबिरात लिउ सरांनी तिच्याकडून पुन्हा पहिल्यापासून पाया घालून घेतला आणि निघताना हा कागद गुंडाळून हातात दिला. परत आल्यावर वीरधवल सरांनी तो आणि तिची सगळी सर्टिफिकेटं फ्रेम करून देतो म्हणून ठेवून घेतली. पुढे भरती निघाली, तेव्हा ती मूळ कागद मागायला गेली. सर आज देतो उद्या देतो करत राहिले. तशात एकोणीसचा महापूर आला, अकादमीत पाणी शिरलं, आणि सगळं वाहून गेलं असं त्यांनी सांगितलं. राणीने विश्वास ठेवला. सांगलीत लोकांची घरं गेली होती, माणसं गेली होती, आपल्या कागदांचं काय घेऊन बसायचं, असं तिला वाटलं. नकला मिळवायला ती दोन-चार ऑफिसांत गेली, कुणी दाद दिली नाही. भरतीसाठीची वयाची मर्यादा उलटून गेली. सर सांगली सोडून कुठे गेले तेही तिला ठाऊक नव्हतं.

“यात लिवलंय काय?” राणीने विचारलं. “मला कवाच कळलं न्हाई. लिउ सर हसून पाठीवर थाप मारत हुते तेवढं आठवतं.”

उत्कर्षाने मोठी अक्षरं वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला. मग बारीक ओळीवर बोट ठेवलं. “आणि ही दोन अक्षरं म्हणजे तू. राणी.”

बिराप्पा बाजेवरून उठून मोबाइलमध्ये बघायला आले. राणीचे डोळे भरले नाहीत. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“माझं नाव टांगून पोरांकडनं पाया पडून घेतोय?” ती म्हणाली. “ताई, मला तिथं न्या.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लासच्या वेळेला दोघी अकादमीत गेल्या. महिन्याची पालकसभा होती, त्यामुळे नानासोही मागच्या खुर्चीवर होते. राणीला दारात बघून वीरधवल सर क्षणभर ओळख न दाखवता उभे राहिले. राणी चपला काढून थेट फ्रेमसमोर गेली आणि म्हणाली, की हा कागद माझा आहे आणि तो घ्यायला मी आले आहे. उत्कर्षाने पालकांना ओळ वाचून दाखवली, मास्तरीणबाईंचं उत्तर दाखवलं, जुनी बातमी दाखवली. कुजबुज सुरू झाली. एका बाईने उत्कर्षालाच दटावलं, की पोरांसमोर हे काय लावलंय.

त्याने सरांना जोर आला. ते म्हणाले, की ही मुलगी त्यांची जुनी शिष्या आहे, शिस्त न पाळल्यामुळे तिला काढून टाकलं होतं, तिचा हा सूड आहे. मग उत्कर्षाकडे बोट करून म्हणाले, “आणि वाचणार कोण, तर चायना मालाची डॉक्टर. हिची डिग्री खरी का खोटी, ते आधी बघा.”

उत्कर्षा तोंड उघडणार तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नानासो उभे राहिले होते.

“माझ्या पोरीची डिग्री सरकारनं तपासलीय,” ते म्हणाले. “एकदा न्हवं, दरवेळी. नापास झाली तवा तिनं ते गावाला सांगितलं. तुमची कुणी तपासली, तेवढं सांगा सर.”

सर टेबलावरचे कागद आवरू लागले. नानासोंनी पुन्हा विचारलं. पासपोर्ट आणा, चीनला कवा गेलता ते दाखवा, म्हणाले. सरांनी पासपोर्ट घरी आहे म्हणून सांगितलं आणि क्लास सुटल्याचं जाहीर केलं.

कुणीच हललं नाही. मग संयोगिता रांगेतून पुढे आली. तिचं सर्टिफिकेट अजून सरांच्या सहीसाठी टेबलावर पडलेलं होतं. तिने स्टूल ओढलं, वर चढली, हार बाजूला केला आणि फ्रेम खाली काढली. सर “खबरदार” म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. तिने फ्रेम राणीच्या हातात दिली.

राणीने ती छातीशी धरली आणि सरांना एवढंच विचारलं, “आन् माझी सर्टिफिकेटं?”

ते म्हणाले, पुरात गेली. या खेपेला ते खरं होतं का खोटं, ते कुणालाच कळायला मार्ग नव्हता.

एवढं होऊन अकादमी बंद पडली नाही. निम्मी पोरं गेली, निम्मी राहिली. जी राहिली त्यांचे पालक उत्कर्षाच्या दवाखान्यात येईनासे झाले. भरतीच्या तोंडावर पोरांचं नुकसान केलं, असं तिच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. खेळाडूंच्या कोट्यातली सर्टिफिकेटं पडताळणीला जातात आणि सरांची संस्था कुठेच नोंदलेली नाही, हे ती सांगत राहिली. ऐकून घेणारे थोडे. राणीने पोलिसांत तक्रार दिली आणि क्रीडा कार्यालयात नकलांसाठी अर्ज केला. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर दोन्हीकडून येत राहिलं. नकला मिळाल्या तरी तिचं गेलेलं वय कुणी भरून देणार नव्हतं, आणि ते आठवलं की उत्कर्षाला समोरचा पेशंट सोडून उठावंसं वाटायचं.

संयोगिताने सरांकडे सही केलेलं सर्टिफिकेट मागितलंच नाही. ती एसटीने दहिवडीला गेली. वस्तीमागच्या माळावर राणीने तिला गुडघे वाकवून उभं केलं आणि मांड्या थरथरायला लागेपर्यंत उठू दिलं नाही. मग सांगितलं, की तुला आजवर शिकवलं तो नुसता नाच होता, पहिल्यापासून धरावं लागेल. संयोगिता घरी येऊन रागाने रडली. तिची तीन वर्षं गेली होती. तो माणूस अजून हायवेच्या कडेला पोरांना तेच शिकवत होता, आणि संध्याकाळी तिथे दिवे लागलेले तिला बसमधून दिसले होते.

पुढच्या रविवारी ती पुन्हा दहिवडीला निघाली. नानासोंनी स्कूटर काढली आणि तिला स्टँडवर सोडलं.