वर राहिलेला हात

या, अंमळ पुढे सरकून बसा. दाराशी कशाला, इथे जागा आहे. आज एका विहिरीची गोष्ट ऐकवायची आहे. विहीर इटलीतली, पण तिला पाणी लागलं ते नेदरलँड्समधल्या हार्लेम गावी, एका स्वयंपाकघरात.

लतिकाने आमटीखालची शेगडी बारीक केली, हात पुसले आणि तासाभरात पाचव्यांदा फोन पाहिला. लेकीचा निरोप नव्हता.

मृण्मयी सोळा वर्षांची. तिच्या शाळेत लॅटिन शिकणाऱ्या मुलांना माध्यमिकच्या पाचव्या वर्षी रोमला नेतात, तशी तीही गेली होती. आज ऑर्व्हिएतोची फेरी होती. डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव. सकाळी जायचं, संध्याकाळी रोमला परत.

"सारखं काय बघतेस?" तिचा नवरा श्रीकांत लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. "चार शिक्षक आहेत बरोबर."

"शिक्षक आहेत रे. आई नाहीये."

खरं कारण वेगळंच होतं. निघायच्या दिवशी लेकीच्या तळहातावर दही ठेवताना लतिका म्हणाली होती, "डोंगरावरचं गाव आहे. देऊळ असू दे, चर्च असू दे, आजोबांच्या नावाने एक नमस्कार कर."

"आई, प्लीज. इट्स अ स्कूल ट्रिप."

"विसरलीस त्यांना."

बोलू नये ते बोलून झालं होतं. पोरीने दही चाटलं, सॅक खांद्याला लावली आणि चक्क मराठीत म्हणाली, "तू तरी कुठे गातेस आता?"

ते शब्द चार दिवस लतिकाच्या कानात घोळत होते.

तिचे वडील जयप्रकाशबुवा वाईचे कीर्तनकार. तरुणपणी मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर बसून सूर घोटायचे. म्हणायचे, विहीर तोंडदेखलं बोलत नाही, द्याल तेवढंच परत देते. कीर्तनात त्यांची एक खोड होती. स्वतः रचलेली ओळ अर्धीच म्हणायची आणि हात वर करून थांबायचं. झांजा थांबत, पेटी थांबे. मग पहिल्या रांगेतून लहानगी लतिका उरलेली अर्धी म्हणे, तेव्हा कुठे हात खाली येई.

"बुवा, एखाद दिवशी पोरगी झोपली तर?" कुणीतरी टोकायचं.

"तर थांबू की! देवाला कुठे एसटी गाठायचीय?"

पुढे लग्न झालं, देश बदलला, तरी सुट्टीत वाईला गेलं की तेच. बुवांचा हात वर जायचा, लतिका म्हणायची आणि तिच्या मांडीवरून मृण्मयी त्या हाताकडे टक लावून बघत राहायची.

मागच्या मार्गशीर्षात बुवा गेले. लतिका विमानाने पोचली तोवर तिसरा दिवस उजाडला होता. तेव्हापासून ती देवापुढे दिवा लावते, पण ओठ मिटून.

तीनच्या सुमारास फोन किणकिणला. विहिरीचा फोटो होता. गोल, खोल, भिंतीत वरपासून खालपर्यंत खिडक्याच खिडक्या. खाली इंग्रजीत चार ओळी. दोन जिने आहेत, उतरणाऱ्यांचा एक, चढणाऱ्यांचा दुसरा. ते वाटेत भेटत नाहीत, नुसते खिडक्यांतून एकमेकांना दिसतात.

पाठोपाठ आवाजी निरोप आला. लतिकाने लावला. डचमधली बडबड, खिदळणं, मग कुणीतरी "श्श!" केलं. आणि मृण्मयीचा आवाज, कोवळा, जरासा उतरलेला, दगडांवरून घुमत वर आला.

"उंच तुझे गाव देवा, कसा मी येईन…"

लतिकाने स्वेटरच्या बाहीने डोळे टिपले आणि कुठलीही आई लिहील तेच लिहिलं. "छान म्हटलंस गं. जेवलीस का?"

उत्तर लगेच आलं. "हो, पिझ्झा. आई, शेवटपर्यंत ऐक ना."

तिने पुन्हा लावला. बुवांची ती अर्धी ओळ संपली. पुढे काहीच नव्हतं. पाणी ठिबकत होतं, दूर कुणाची पावलं वाजत होती. दहा सेकंद. वीस. बंद करायला विसरली असेल, म्हणून लतिकाचं बोट पडद्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं. ही शांतता तिच्या ओळखीची होती.

श्रीकांतने कानातले हेडफोन काढले. "काय गं, काय झालं?"

तिने खुणेनेच त्याला गप्प केलं. शेगडी बंद केली. फोन तोंडाशी धरून बटण दाबलं. पहिला सूर फाटला. तिने घसा खाकरला, पण बटण सोडलं नाही.

"दोन पायऱ्या तू उतर, दोन मी चढीन."

निरोप गेला. बराच वेळ काही आलं नाही. आमटी गार झाली. मग एक फोटो आला, कुणा मैत्रिणीने मघाशी विहिरीत काढलेला. ओल्या पायरीवर मृण्मयी उभी, डोळे मिटलेले, एक हात वर.

लतिकाने फोन देवापाशी नेऊन ठेवला.

मंडळी, उठण्यापूर्वी एवढं एक मागणं. बुवांचं नाव आता कुठल्या उत्सवाच्या पत्रिकेत यायचं नाही. पण तुमच्या घरी कधी कुणी ओळ अर्धी ठेवून थांबलं, तर वाईच्या त्या माणसाची आठवण करा, आणि मग उरलेली म्हणा.