फखरुन्निसाचं खोकं

फखरुन्निसाचं खोकं भरत नव्हतं, म्हणून ती कुवेतमधून निघत नव्हती. कुणाला हसू येईल. पण कोकणातल्या माणसाला आखातातून रिकाम्या हातांनी घरी जायची चोरी असते, हे ज्याला ठाऊक आहे तो हसणार नाही. नणंदेला ब्लँकेट, जावेला अत्तर, शेजारपाजाऱ्यांना दुधाची पावडर आणि बाम. इतक्या वर्षांनी परतणारी बाई नुसतीच परतली, तर वाडीत तोंड कसं दाखवायचं?

कुवेतच्या जलीब वस्तीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती कोंडलेलीच होती. घरकामाला होती त्या पहिल्या मालकिणीच्या छळाला कंटाळून ती पळाली, पासपोर्ट तिथेच राहिला, आणि तेव्हापासून बाई बिनकागदाची. खिडकीला चांदीचा कागद चिकटवलेला. जिन्यात बूट वाजले की पोटासाठी चालवलेलं शिलाई मशीन बंद आणि श्वासही बंद. आता सरकारनं माफी जाहीर केली होती. मुदतीच्या आत देश सोडा. दंड नाही, तुरुंग नाही. वकिलातीनं पासपोर्टऐवजी एकदाच घरी जाण्यापुरता आउटपास दिला होता. मुदत संपत आली होती, उद्याचं विमान होतं, आणि बाईसाहेब म्हणत होत्या, एवढं ब्लँकेट तेवढं आणते. याआधीचं एक विमान जावेच्या अत्तरापायी हुकवून झालं होतं.

तिच्यासोबत राहणारी फिलिपिनो मारिसेल कपाळावर हात मारून घ्यायची. मारिसेलला माफी नव्हती. जुन्या मालकानं तिच्यावर चोरीची खोटी केस घातली होती, आणि ती मिटेपर्यंत तिला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

त्या दुपारी जेवताना तिनं अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत आपल्या आजीच्या गावची, लोस बान्योसची गोष्ट सांगितली. महायुद्धात जपान्यांनी तिथे दोन हजारांवर परदेशी माणसं तारेच्या कुंपणात कोंडली होती. बायकापोरं, नर्सा, पाद्री. खायला मूठभर भात, तोही किडलेला. एका फेब्रुवारीत, सकाळच्या हजेरीच्या वेळी, आभाळातून छत्र्या उतरल्या. अकराव्या एअरबोर्न डिव्हिजनचे अमेरिकी सैनिक! त्याच घटकेला गावातले बंडखोर कुंपणाला भिडले. मारिसेलचे आजोबा त्यांच्यात होते. पहारेकरी बंदुका ठेवून कवायत करत होते. कैद्यांना न्यायला तळ्यावरून पाण्यात चालणाऱ्या चिलखती गाड्या आल्या.

"मग सुटले सगळे?"

"कसले सुटतात! कुणी किटली शोधतंय, कुणी ट्रंक बांधतंय, कुणी फ्रॉकच्या घड्या घालतंय. जपानी फौज जवळच होती, कधीही आली असती."

फखरुन्निसा पोट धरून हसली. "येड्याच होत्या की बाया! मग हलवल्या कशा?"

"सैनिकांनी झोपड्यांना आग लावली. मग पळाले सगळे गाड्यांकडे."

"आणि तुझे आजोबा? त्यांना नेलं?"

मारिसेल ताटल्या उचलून धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. लेकीचा, जवेरियाचा फोन आला. "अम्मी, तू नुसती ये. आमाला काय नको." फखरुन्निसा "निघाले, निघाले" म्हणाली आणि पुन्हा खोक्यापाशी बसली. ब्लँकेट आत मावत नव्हतं. तिनं बांधलेली दोरी सोडली, सगळं बाहेर काढलं, पुन्हा रचायला घेतलं. ड्रायव्हर वर येऊन ओरडून गेला. "अजून थोडंच," ती म्हणाली. "नाहीतर पुढचं तिकीट काढू."

पुढचं तिकीट मुदतीत मिळणार नव्हतं. हे तिला कळत होतं, पण हात थांबत नव्हते.

मारिसेलनं मशीनवरची मोठी कात्री उचलली. "आग लावता येत नाही, सिस्टर. धूर दिसला तर पोलीस येतील." आणि तिनं खोकं वरपासून खालपर्यंत फाडलं. पावडर फरशीवर सांडली, अत्तराची बाटली फुटली, खोलीभर जावेचं अत्तर दरवळलं. फखरुन्निसानं तिला बुक्के मारले, शिव्या घातल्या आणि मग तिच्याच गळ्यात पडून ढसाढसा रडली. मारिसेलनं तिच्या खांद्याला पर्स अडकवली, आउटपास आत घातला आणि तिला ढकलतच दाराबाहेर काढलं.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर फखरुन्निसा थबकली. उत्तर न मिळालेला प्रश्न तिला आत्ता आठवला.

"मारिसेल, आजोबांना नेलं होतं का गं?"

"गाड्या कैद्यांसाठी होत्या. गाववाले गावात परत गेले." मारिसेलनं दाराची चौकट धरली होती. "सैनिक निघून गेल्यावर जपानी आले. आजी डोंगरात होती, ती वाचली. आजोबा नाही. जा आता."

खालून हॉर्न वाजत राहिला. फखरुन्निसाला वर धावत जावंसं वाटलं, तिला हाताला धरून ओढत न्यावंसं वाटलं, पण न्यायचं कुठे? ती उतरली.

टॅक्सी वळली तेव्हा तिनं मान वळवून वर पाहिलं. खिडकीवरच्या चांदीच्या कागदाचा कोपरा कुणीतरी सोलला होता आणि तिथून एक हात हलत होता. फखरुन्निसाचे दोन्ही हात रिकामे होते, तरी ते तिला वर करता आले नाहीत.